पेटीवरून पडद्याकडे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

चित्रपट आणि मालिकांचे संगीत करण्याचा व्यवसाय नेमका कसा चालतो आणि त्यात शिरावे कसे, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. चारही पत्रे कोकणातून आलेली आहेत. मी स्वतः वेंगुर्ले तालुक्यात वाढलो आणि पुढे अनेक वर्षे मुंबईत आधी सहायक म्हणून आणि मग स्वतंत्रपणे हेच काम केले, त्यामुळे ही पत्रे वाचताना मी थोडा गुंतून गेलो. पहिल्या उत्तराने जास्त जागा घेतली आहे, कारण त्या प्रश्नाला ती द्यावी असे मला वाटले.

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यातला असून माझे वय २३ आहे. गेली पाच वर्षे दशावतारी मंडळात, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, पेटी वाजवतो आणि संगीत विशारद झालो आहे. स्वतः चाली दिलेली तीसेक गाणी तयार आहेत. मला चित्रपटांचा संगीतकार व्हायचे आहे. मुंबईत जाऊन कोणाला भेटावे? आणि दशावतारातला अनुभव या क्षेत्रात उपयोगी पडतो का, की तो सांगूच नये?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यात तुमचे खरे भांडवल आहे. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. आख्यान सर्वांना ठाऊक असते, पण संवाद नट आयत्या वेळी रचतो, आणि पेटीवाला, पखवाजवाला व झांजवाला त्याच्यावर नजर लावून बसलेले असतात. राजाचा प्रवेश होताना काय वाजवावे, राणीचा विलाप सुरू झाला की पेटीचा सूर किती खाली आणावा, युद्धनृत्यात पखवाजाने कधी उसळावे आणि नट महत्त्वाचे वाक्य बोलणार असे दिसताच हात कधी थांबवावा, हे तुम्ही रात्र रात्र जागून शिकला आहात. चित्रपटाचे पार्श्वसंगीत म्हणजे मुळात हेच काम आहे. संगीतशाळेत शिकलेल्या अनेक हुशार मुलांना जी गोष्ट शिकवताना मला सर्वांत जास्त कष्ट पडले, ती म्हणजे संवादाखाली गप्प राहणे. तुम्हाला ती येते. त्यामुळे हा अनुभव लपवू नका, पहिल्या भेटीतच सांगा.

फरक एकच आहे, पण तो मोठा आहे. मांडावरचा (खेळाच्या जागेवरचा) नट तुमच्यासाठी क्षणभर थांबतो किंवा एखादे वाक्य वाढवतो, पडद्यावरचा नट थांबत नाही. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) आणि आपल्याकडच्या दूरचित्रवाणीत सहसा २५ चौकटी धावतात, आणि संगीताला त्या चौकटींशी बांधून घ्यावे लागते. समजा, दृश्य सुरू झाल्यापासून बरोबर १४ व्या सेकंदाला दार उघडते आणि तिथे तुम्हाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हवी आहे. तीनतालाचे १६ मात्रांचे एक आवर्तन १४ सेकंदांत बसवायचे, तर लय मिनिटाला सुमारे ६८.६ मात्रा इतकी ठेवावी लागेल. ती ७२ ठेवली, तर दार उघडताना तुम्ही समेच्या आधीच्या वा नंतरच्या कुठल्या तरी मात्रेच्या अधेमधे अडकलेले असाल. हे गणित संगणक करून देतो, तरीही ते हाताने करून पाहण्याची सवय लावून घ्या, कारण दिग्दर्शक शेजारी बसून ‘दार अर्ध्या सेकंदाने उशिरा उघडूया’ म्हणतो, तेव्हा लय बदलावी, एखादी मात्रा वाढवावी की तिहाईची (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याची) जागा सरकवावी, हा निर्णय तुम्हालाच घ्यायचा असतो.

आता तुमच्या तीस गाण्यांविषयी. ती जपून ठेवा, पण त्यांच्या बळावर चित्रपट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. गाण्याची चाल करणे आणि पार्श्वसंगीत करणे ही दोन कौशल्ये आहेत, आणि पुष्कळदा ती दोन वेगळी माणसे करतात. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही २००९ सालच्या चित्रपटांपासून गीतांसाठी एक आणि पार्श्वसंगीतासाठी दुसरा असे स्वतंत्र पुरस्कार दिले गेले. मालिकांत ही विभागणी अधिकच ठळक असते : शीर्षकगीत एका संगीतकाराचे असते, तर रोजच्या भागांचे पार्श्वसंगीत दुसरा माणूस सांभाळतो. रोज एक भाग प्रसारित होणाऱ्या मालिकेत प्रत्येक भागासाठी नवे संगीत करणे शक्य नसते, म्हणून सुरुवातीलाच मुख्य पात्रांच्या धून, ताणाचे, आनंदाचे, कटकारस्थानाचे, घरगुती गोडव्याचे तुकडे असा साठा तयार केला जातो, आणि मग भाग हाती आला की त्यातले योग्य तुकडे कापून, जोडून, आवश्यक तिथे नवे रचून बसवले जातात. बाहेरून हे काम हलके वाटते, पण माझ्या मते नवशिक्यासाठी याच्याइतकी चांगली तालीम नाही, कारण इथे तुमची एकच धून वीस वेगवेगळ्या दृश्यांखाली कशी वागते ते तुम्हाला रोज पाहायला मिळते.

मुंबईत कोणाला भेटावे, असे तुम्ही विचारले आहे. नामवंत संगीतकाराच्या दारात उभे राहण्यापेक्षा संगीत संयोजक (चालीभोवती वाद्यांची मांडणी करणारा), प्रोग्रॅमर (संगणकावर वाद्ये रचणारा) आणि ध्वनिमुद्रक यांना आधी भेटा. संगीतकाराला रोज पन्नास जण चाली ऐकवू पाहतात, पण संयोजकाला मात्र तातडीने असा कोणी हवा असतो जो वादकांच्या प्रती काढेल, मुद्रणाच्या फाइलींना नीट नावे देईल, आलेला नवा कट, म्हणजे संपादित चित्र, जुन्या कटाशी ताडून कुठे किती चौकटी कापल्या ते सांगेल. मी पहिली दोन वर्षे नेमके हेच केले. एका मालिकेच्या भागात शेवटच्या क्षणी ११ चौकटी कापल्या गेल्या होत्या आणि ते माझ्या नजरेतून सुटले. त्यानंतरचे सगळे संगीत चित्रापेक्षा जवळजवळ अर्धा सेकंद मागे पडले आणि नायिकेच्या कानशिलात बसून गेल्यावर झांज वाजली. ती चूक माझी होती. त्या दिवसापासून कट हातात आला की पहिली आणि शेवटची चौकट स्वतः मोजल्याशिवाय मी काम सुरू केलेले नाही.

सहायकगिरीला किती वर्षे द्यावी लागतील, याचे ठरावीक उत्तर नाही, पण तुमच्याच कुडाळ परिसराचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९१२ साली त्या भागात जन्मलेले वसंत देसाई कोल्हापूरला प्रभात फिल्म कंपनीत गेले, ते पडेल ते काम करण्याच्या तयारीने. तिथे त्यांनी लहान भूमिका केल्या, गायले, आणि गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशा दिग्गजांच्या सहवासात पडद्याचे संगीत आतून पाहिले. व्ही. शांतारामांच्या राजकमल या चित्रसंस्थेच्या ‘शकुंतला’चे संगीत त्यांच्या नावावर १९४३ साली पडद्यावर आले, म्हणजे मधे दशकाहून अधिक काळ गेला होता. आजचे मार्ग वेगळे आहेत आणि वेगही वेगळा आहे, पण वादक किंवा सहायक, मग संयोजक, मग स्वतंत्र नाव, हा क्रम अजूनही बहुतेकांच्या वाट्याला येतो. तो टाळण्याची घाई करू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

मुंबईला जाण्याआधी घरी बसून एक काम करा. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढली जाते तेव्हा भ्रमणध्वनीवर दोन मिनिटांचे सलग चित्रण करा. त्याच चित्रणासाठी तीन वेळा संगीत करा : एकदा उत्सवाचे, एकदा काही तरी अघटित घडणार असल्याचे, आणि तिसऱ्यांदा असे की पहिली चाळीस सेकंदे फक्त लाटांचा आणि माणसांचा आवाज ऐकू येईल आणि जाळे काठाला लागल्यावरच पहिला सूर उमटेल. ही तीन रूपे शेजारी शेजारी ठेवली, की तुम्ही चित्राकडे पाहून विचार करता की नाही, हे समोरच्याला सहा मिनिटांत कळते. तीस गाणी ऐकायला त्याच्याकडे वेळ नसतो.

प्रश्न : मुलगी रत्नागिरीत बारावीला आहे. ती हार्मोनियम आणि थोडा कीबोर्ड वाजवते व ‘बॅकग्राउंड म्युझिकच करायचे’ म्हणते. यासाठी पदवी लागते का? कोणते शिक्षण द्यावे? मुलीने या क्षेत्रात जावे की नाही, याचीही काळजी वाटते.

उत्तर : ताई, पदवीची अट या व्यवसायात कोणी घालत नाही, पण शिक्षणाची गरज नाही असा त्याचा अर्थ होत नाही. तिला तीन गोष्टी यायला हव्यात : रागसंगीताचा पक्का पाया, पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचे स्वरलेखन) व हार्मनी (अनेक सूर एकाच वेळी जुळवण्याचे शास्त्र), आणि संगणकावर ध्वनिमुद्रण करण्याचे तंत्र. पहिल्या गोष्टीची सोय रत्नागिरीत उत्तम आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ती देत असेल तर विशारदपर्यंत जाऊ द्या. दुसऱ्या गोष्टीकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते आणि पुढे तेच नडते. मुंबईच्या स्टुडिओंतले व्हायोलिनवादक सरगम वाचत नाहीत, पाच रेघांवरचे नोटेशन वाचतात. ही परंपरा आपल्या शेजारच्या गोव्यातून आली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय वादक-संयोजकांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाला शिस्त दिली, आणि प्यारेलाल यांच्यासारख्या संगीतकाराने व्हायोलिनचे धडे गोन्साल्विस यांच्याकडेच घेतले. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण मिळते. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणीपरीक्षाही भारतात देता येतात. चेन्नईला ए. आर. रहमान यांनी २००८ साली सुरू केलेली संगीतशाळाही आहे, मात्र तिथला खर्च आणि शहराचे अंतर आधी नीट विचारात घ्यावे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचा ध्वनिविभाग नावाजलेला आहे, पण तो ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचना शिकवतो. संगीतरचना शिकण्यासाठी तिथे जाऊ नये.

माझा सल्ला असा की तिने एखादी साधी पदवी घ्यावी आणि त्या तीन वर्षांत दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टीचा अभ्यास नेटाने करावा. सुरुवातीच्या वर्षांत मिळकत अनियमित असते आणि हातात दुसरे काही असले, तर माणूस वाईट कराराला नकार देऊ शकतो.

आपल्या काळजीविषयी : या क्षेत्रात स्त्री संगीतकार आजही थोड्या आहेत, ही वस्तुस्थिती आहे. रात्री उशिरापर्यंत चालणारी मुद्रणे हा खरा प्रश्न आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे कामाच्या वेळा, ठिकाण व परतीच्या प्रवासाची सोय आधी लेखी ठरवणे. तसे ठरवून देणाऱ्या संयोजकांकडेच तिला पाठवा. मी ज्यांच्याबरोबर काम केले त्यांतल्या सर्वांत काटेकोर दोन प्रोग्रॅमर स्त्रियाच होत्या, आणि दोघींनीही पहिल्या दिवसापासून ही अट ठेवली होती.

प्रश्न : दापोलीच्या आमच्या गटाने एका वेबमालिकेसाठी शीर्षकगीत व पार्श्वसंगीत केले. त्यात जाखडीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनृत्याची, एक चाल वापरली आहे. निर्मात्याने एकरकमी पॅकेज देऊन ‘सर्व हक्क कायमचे निर्मात्याकडे’ अशा एका पानावर सही घेतली. आता आमचा काहीच हक्क उरला नाही का? जाखडीच्या चालीबद्दल कोणी आक्षेप घेऊ शकेल का?

उत्तर : तुमची सही मोलाची आहे, पण त्या एका वाक्याने सर्व काही गेले असे समजू नका. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने संगीतकार व गीतकारांना एक असा हक्क दिला जो करारानेही सोडता येत नाही. चित्रपटात वापरलेल्या संगीताचा उपयोग चित्रपटगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्त इतर कोणत्याही मार्गाने झाला, तर त्या रॉयल्टीत संगीतकाराला समान वाटा मिळतो, आणि हा वाटा मिळण्याचा हक्क कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणालाही देता येत नाही. तसा करार असला तरी तो भाग निरर्थक ठरतो. कायद्यातील ‘सिनेमॅटोग्राफ फिल्म’ या संज्ञेत दृश्य मुद्रणे येतात, त्यामुळे मालिका आणि वेबमालिकांचे संगीत करणाऱ्यांनीही हे कलम वाचावे.

हा वाटा प्रत्यक्ष हाती येण्यासाठी मात्र दोन कामे करावी लागतात. पहिले, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, या १९६९ पासूनच्या संस्थेचे सभासद होऊन आपल्या रचनांची नोंद करणे. दुसरे, क्यू-शीट तयार करून घेणे. कोणत्या भागात, कोणत्या मिनिटाला, कोणाची रचना, किती सेकंद वाजली, याची ती यादी असते. ती नसेल, तर संगीत वाजले कोणाचे हे पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही. माझ्या उमेदीच्या काळात एका मालिकेसाठी मी कित्येक महिने पार्श्वसंगीत केले, पण श्रेयनामावलीत माझे नाव आले नाही आणि क्यू-शीटही झाली नाही. त्या कामाचा कागदोपत्री एकही पुरावा आज माझ्याकडे नाही, आणि त्याची खंत अजून आहे. म्हणून ही यादी निर्मात्याने करण्याची वाट पाहू नका. भाग संपला त्याच रात्री स्वतः लिहा आणि ईमेलने पाठवून ठेवा.

पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी मुदत आणि प्रदेश हे दोन शब्द करारात शोधा. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलेले नसेल, तर कायदा पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारत धरतो. तुमच्या कागदावर ‘कायमचे’ असे स्पष्ट आहे, तेव्हा हा आधार तुम्हाला बहुधा मिळणार नाही. तो कागद घेऊन जाणकार वकिलाला एकदा भेटा. पॅकेजविषयीही सावध राहा. पॅकेजमध्ये वादक, गायक, स्टुडिओ आणि मिक्सिंग यांचा सारा खर्च संगीतकारानेच करायचा असतो, म्हणजे तुम्ही चार खरी व्हायोलिने लावली की ते पैसे तुमच्या मेहनतान्यातून जातात, आणि मग मन मारून सगळे कीबोर्डवर उरकण्याचा मोह होतो. आपले मानधन आणि मुद्रणाचा खर्च या दोन रकमा वेगळ्या लिहून घेणे हेच संगीताच्या दृष्टीने हिताचे आहे.

आता जाखडीकडे वळतो, कारण हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. जी चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि जिचा कर्ता कोणालाच ठाऊक नाही, ती वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. पण शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे जाखडीच्या दोन पक्षांत रंगणाऱ्या, सामन्यांसाठी शाहीर दरवर्षी नवी गाणी बांधतात, आणि काही वर्षांपूर्वी कोणा शाहिराने बांधलेली चाल सर्वांच्या तोंडी बसून ‘पारंपरिक’ वाटू लागते. अशा चालीवर त्या शाहिराचा पूर्ण हक्क असतो. त्याने ती कधी कागदावर उतरवली नाही, त्याला स्वरलेखन येत नाही, हे कारण कायद्याला मान्य नाही. संगीत रचणारा तो संगीतकार, मग त्याने ते लिपीबद्ध केलेले असो वा नसो, अशी व्याख्याच कायद्यात आहे. तुमच्या चालीचा उगम शोधा, गावातल्या जुन्या गुरूंना आणि नाचांच्या मंडळांना विचारा. कर्ता सापडला, तर त्याचे नाव श्रेयनामावलीत घाला आणि आपल्या मिळकतीतला वाटा त्याला द्या. मुंबईच्या निर्मात्याने आपल्याशी जसे वागू नये असे आपल्याला वाटते, तसे आपण आपल्या शाहिराशी वागता कामा नये.

प्रश्न : अलिबागजवळच्या गावात जुन्या कौलारू घरात छोटा स्टुडिओ करून मुंबईचे काम इथूनच करता येईल का?

उत्तर : बरेचसे करता येईल. चिऱ्याच्या जाड भिंती आवाज अडवायला चांगल्या असतात, खरी अडचण छपराची आहे. जून ते सप्टेंबर कौलांवरच्या पावसात गायकाचा आवाज मुद्रित करता येत नाही, म्हणून आतल्या खोलीत स्वतंत्र लाकडी छत आणि त्यावर दाट कापसासारखे ध्वनिरोधक भरून घ्या, किंवा पावसाळ्यात फक्त रचना आणि प्रोग्रॅमिंग करून मुद्रणे ऑक्टोबरनंतर ठेवा. दमट हवेने पेटीच्या सुरांच्या पट्ट्या खराब होतात आणि मायक्रोफोन बिघडतात. मायक्रोफोन हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावेत. वीज जाते, तेव्हा यूपीएस हवाच.

इंटरनेट घेण्याआधी एक हिशेब करा. चित्रासाठीचे मुद्रण ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचे असते आणि त्याचा स्टिरिओ ट्रॅक मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा घेतो. २० मिनिटांच्या भागाचे तंतुवाद्ये, तालवाद्ये, स्वर असे आठ वेगवेगळे ट्रॅक पाठवायचे झाले, तर पावणेतीन जीबी होतात, आणि मालिकेत ते त्याच रात्री पोहोचावे लागतात. त्यामुळे वेग पाहताना डाउनलोडचा आकडा पाहू नका, अपलोडचा पाहा, आणि तोही संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान तपासा.

फायनल मिक्सच्या दिवशी मात्र स्वतः हजर राहा. संवाद, पार्श्वध्वनी आणि संगीत तिथे प्रथमच एकत्र येतात, आणि तुमची बासरी किती खाली घ्यायची हे ठरताना तुम्ही खोलीत असणे आवश्यक असते. आपल्याला मांडव्याहून बोटीने तासाभरात मुंबई गाठता येते. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो, तेव्हा मिक्सच्या आदल्या दिवशीच रस्त्याने निघावे.